वरवंट्याचं बारसं

१

दुपारची जेवणं उरकली की आमच्या घरात बाळाला झोपवण्याचा कार्यक्रम सुरू होतो. त्यात बाळ सोडून सगळे पेंगतात.

माझा नवरा अंगद (तोंडावर 'अहो', मनात अंगद) बेलापुरात ठिबकच्या पाइपांचं दुकान चालवतो. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या बाळांचा मेंदू झपाट्याने वाढतो, असं त्याने कुठेतरी वाचलं. तेव्हापासून पाळण्याच्या कडीला एक गोल स्पीकर लटकला आहे. त्यातून संतूर येतं, बासरी येते, आणि 'खास बाळांसाठी यमन' येतो. बाळांचा यमन मोठ्यांच्या यमनापेक्षा वेगळा कसा, असं मी एकदा विचारलं. "त्यात तबला कमी असतो," अंगद म्हणाला.

सासूबाईंना हे पटत नाही. त्यांचं नाव छबूबाई, आवाज बाजार समितीतल्या लिलावाचा. "लेकरू झोपवायचं का मैफल बसवायची?" असं त्या रोज विचारतात आणि यमनाच्या पहिल्या पाच मिनिटांत स्वतः घोरायला लागतात. मग कधी बदकांची आणि बसच्या चाकांची इंग्रजी बडबडगीतं लागतात. त्यांनी फक्त मी झोपते.

गाण्यांच्या यादीत सगळ्यात वर मात्र नणंदेने दिलेली भेट. मोनिका शिर्डीला एका हॉटेलात रिसेप्शनवर आहे, त्यामुळे नवीन काय निघालं ते तिला आधी कळतं. बाळाचं नाव, आईवडिलांची नावं आणि गाव कळवलं की एक बाई तेवढ्याचा पाळणा रचून, गाऊन, रेकॉर्ड करून पाठवतात. मोनिकाने तो बारशासाठी मागवला. आवाज खरंच गोड. 'नीज समर्था, नीज राजसा' म्हणून सुरू होतो आणि दर ओळीला समर्थ येतो. फक्त त्या बाईंनी बेलापूर म्हणजे नवी मुंबईचं बेलापूर धरलं. त्यामुळे आमच्या समर्थला खाडीचा वारा येऊन जोजवतो. प्रवरेकाठी राहून आम्ही रोज खाडीचा वारा ऐकतो, पण परत रेकॉर्ड करायला सांगणार कोण?

तर बाळ यमनावर झोपायचं, बदकांवर झोपायचं, समोरच्या रस्त्याने दुधाचा टेम्पो गेला तरी झोपायचं. मोनिकाच्या पाळण्यावर झोपत नव्हतं. 'नीज समर्था' सुरू झालं की ते डोळे टक्क उघडायचं, आणि स्पीकरकडे न बघता, माझ्याकडे न बघता, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहायचं. कौतुकाने बघायचं. पाळणा दुसऱ्याच कुणाचा असावा आणि आपण त्याला आलेले पाहुणे असावं, तसं.

मी श्रीरामपूरच्या एका शाळेत गणित शिकवते, सध्या रजेवर आहे. उत्तर जुळत नसेल तर आपण पायऱ्या तपासतो, घरात भूत शोधत नाही. म्हणून मी पायऱ्या तपासायला बसले आणि बारशापाशी येऊन अडकले.

२

आमच्याकडे बारशाला पाळण्यात बाळ आधी जात नाही, वरवंटा जातो. पाट्यावर चटणी वाटायचा तो दगड धुऊन, हळदकुंकू लावून, टोपडं घालून बायका पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हातात देतात. लेकरू दगडासारखं घट्ट व्हावं, एवढाच त्याचा अर्थ. मग दगड बाजूला ठेवून बाळाला तसंच फिरवायचं, पाळण्यात ठेवायचं, आत्याने कानात कुर्रर्र करून नाव सांगायचं आणि इतर बायकांनी आत्याची पाठ बडवायची.

आमचा वरवंटा सासूबाईंच्या सासूबाईंच्या वेळचा, काळाभोर, मध्ये बाळसं धरलेला. टोपड्यात तो इतका गोड दिसत होता की एका पाहुण्या बाईंनी "बाई बाई, आजोबांवर गेलाय" म्हणून कानशिलावर बोटं मोडली. त्यांना चष्मा होता, पण तो पर्समध्ये होता.

दगड फिरवून झाला आणि खऱ्या बाळाने भोकाड पसरलं. मी त्याला पाजायला मागच्या खोलीत घेऊन गेले. बाहेर फोटोवाला वाल्मिक घाई करत होता.

"मोनिकाताई, बाळ येस्तोवर एक ट्रायल घिऊ. उजेड आत्ता लई भारी हाय. दगडावरच करा, मागून काय कळत न्हाई."

मी भिंतीपलीकडे बसून सगळं ऐकत होते. पाळण्याची कडी किरकिरली. 'नीज समर्था' सुरू झालं. मोनिकाने कुर्रर्र केलं. "समर्थ!" तिने मोठ्याने सांगितलं. तिच्या पाठीत धपाधप बुक्क्या पडल्या, अक्षता उडाल्या, टाळ्या झाल्या. ज्याच्यासाठी हे चाललं होतं तो माझ्या पदराखाली शांतपणे दूध पीत होता. मला हसू आलं, हे कबूल करते. जरा वाईटही वाटलं.

मी बाहेर आले तेव्हा स्पीकरचं चार्जिंग संपलं होतं आणि पंगत बसली होती. "आता परत कशाला?" सासूबाई वाढप्याला हाका मारता मारता म्हणाल्या. "नाव ठिवलं की. भात निवतोय." बाळाला फोटोपुरतं पाळण्यात ठेवलं. वाल्मिकने "हसा" म्हटलं, आम्ही हसलो आणि घुगऱ्या वाटल्या.

म्हणजे माझ्या मुलाच्या कानात त्याचं नाव कुणी सांगितलंच नाही. शाळेत अशी पायरी सोडली तर मी गुण कापते.

३

आता बाळ रांगायला लागलं आहे. या वयात मुलं नावाला वळतात. शेजारच्या आरतीची मुलगी नुसतं 'ज्ञाने' म्हटलं की मान वळवते, शिवाय हसते, शिवाय आरती ते दिवसातून तीनदा येऊन दाखवते. माझं पोर वळत नव्हतं.

वाटी पडली की वळायचं. कुत्रं भुंकलं की वळायचं. अंगदच्या बाइकला तर चौकातूनच ओळखायचं. "समर्थ" म्हटलं की काही नाही. मी समोरून म्हटलं, मागून म्हटलं, गाऊन म्हटलं, रडून म्हटलं. हाक भलत्याच पत्त्यावर जात होती.

श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी कान तपासले. त्यांनी मागून हळूच किल्ल्या वाजवल्या आणि बाळाने लगेच गर्रकन मान फिरवून किल्ल्या मागितल्या. "कान तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले आहेत," ते म्हणाले. "नाव घेत राहा. सवय होईल."

परत येताना अंगद म्हणाला, "यमन वाढवू या का?" लोकांना वाटतं, आईला भीती वाटते ती तापाची, पडण्याची. मला भीती वाटत होती की मी याला कधी गर्दीत हाक मारीन आणि हा तसाच चालत जाईल.

४

मी एक प्रयोग ठरवला. मोनिकाचा पाळणा पूर्ण बंद. यमन चालेल, बदकं चालतील, समर्थ नको. नावाचा गोंधळ त्या गाण्याने होत असेल तर तो मिटेल.

पहिल्या दुपारी काही झालं नाही. दुसऱ्या दुपारी लाइट गेलेली. पंखा बंद, फ्रिज बंद, घर इतकं शांत की सासूबाईंचं घोरणंसुद्धा दबून येत होतं. बाळ माझ्याशेजारी चटईवर स्वतःच्या पायाचा अंगठा चघळत पडलं होतं. आणि स्वयंपाकघरातून आवाज आला. घर्र. थांबला. घर्र.

दगडावर दगड फिरल्याचा आवाज.

उंदीर, मी म्हटलं. उंदीर वरवंटा ढकलू शकतो का, याचा मी थोडा विचार केला. पाटा तिरका ठेवला असेल, उतारावरून वरवंटा घरंगळतो, हे साधं आहे. पण घरंगळलेला वर कसा येतो? घर्र, खाली. घर्र, वर. चटणी वाटताना येते तशी लय मात्र नव्हती. अंथरुणात कूस बदलावी आणि झोप लागू नये, तसा तो आवाज होता.

घोरणं थांबलं. सासूबाई उठल्या, पदर सावरला, माझ्याकडे न बघता माझा फोन उचलला आणि स्वयंपाकघरात गेल्या. फोनचं कुलूप उघडायला त्यांना कधी जमत नाही. त्या दिवशी जमलं. आतून बारीक आवाजात 'नीज समर्था' सुरू झालं. खाडीचा वारा आला, गेला. गाणं संपलं तेव्हा घर्र थांबलं होतं.

सासूबाई पावलं न वाजवता बाहेर आल्या आणि फोन माझ्या हातात दिला.

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "आत्ता डोळा लागलाय."

माझ्या मांडीजवळ बाळ टक्क जागं होतं आणि अंगठ्याची चव घेत होतं.

"कुणाचा?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरातल्या माणसाचं नाव विसरले होते. मग एकदम भानावर आल्या, म्हणाल्या, "उंदरं लई झाल्यात," आणि चहा टाकायला गेल्या. पातेलं त्यांनी अगदी अलगद ठेवलं.

५

अंगदला मी सगळं सांगितलं. तो हसला नाही. त्याने पाट्याखाली लेव्हल लावून बघितली, पाणी कुठल्या बाजूला वाहतं ते बघितलं, आणि म्हणाला, "फरशी एकदम लेव्हलमध्ये हाय." नव्या चकचकीत फरशीचा त्याला फार अभिमान आहे. माझी मनःशांती बिघडली तरी फरशीचं नाव राहिलं.

दोन-चार दिवसांनी सकाळी दारावर टाकीवाली आली. पाटा झिजून गुळगुळीत झाला की छिन्नी-हातोडीने त्यावर पुन्हा टाके मारून देणाऱ्या बायका अजून आमच्याकडे फिरतात. "टाकीऽऽ, पाट्याला टाकीऽऽ!" सासूबाईंनी पाटा ओसरीवर काढून दिला. तिने टकटक करत तो छान खरखरीत केला.

"वरवंटा बी द्या, मावशी. त्यो बी गुळगुळीत झाला आसंल."

"त्याला नको," सासूबाई पटकन म्हणाल्या.

"का नको?" मी म्हटलं. उगाच म्हटलं नाही. घरात वावरणारी जी गोष्ट मी स्वतःशीही बोलत नव्हते, तिच्यावर उजेडात एक छिन्नी बसली असती की दगड तो दगडच ठरला असता. बाळाला कडेवर घेऊन मी आत गेले आणि दुसऱ्या हाताने वरवंटा उचलून आणला. ओट्याखालच्या अंधारात पडलेला दगड उन्हाळ्यातही गार लागायला हवा. तो गार नव्हता. चूल जवळ आहे, मी स्वतःला सांगितलं. आमच्याकडे गॅस आहे.

टाकीवालीने तो पायांत धरला, छिन्नी टेकवली आणि हातोडी मारली. टक.

लहान मूल रडलं.

फार नाही, दचकून उठल्यावर पहिला श्वास आत ओढून रडतात तेवढंच. टाकीवालीने हात थांबवून बाळाकडे बघितलं. मीही बघितलं. बाळाच्या तोंडात माझं अख्खं मंगळसूत्र होतं आणि ते मजेत लाळ गाळत होतं.

"पोरगं रडलं व्हय?" तिने विचारलं.

"व्हय," सासूबाई म्हणाल्या. "दात येत्यात."

तिने पुन्हा छिन्नी टेकवली. "नको!" मी ओरडले. इतक्या जोरात की पलीकडून आरती मुलगी घेऊन दारात आली. मी वाकून वरवंटा त्या बाईच्या पायांतून काढून घेतला आणि छातीशी धरला. तिने पिशवी आवरली. काही न विचारता ती पुढच्या घराकडे गेली, आणि आमच्या गल्लीत नंतर तिने एकदाही टाकीची आरोळी दिली नाही.

मी तशीच ओसरीवर उभी होते. आरती मला निरखत होती. "वहिनी," ती म्हणाली, "दगड आसा का धरला तुमी?" मी खाली पाहिलं. बाळ डाव्या कडेवर होतं. वरवंटा उजव्या हातावर होता आणि त्याचं एक टोक मी कोपराच्या खळगीत टेकवलं होतं, मान सांभाळतात तसं. माझं अंग हळूहळू झुलत होतं. केव्हापासून, ते मला सांगता येत नाही.

६

त्या दिवशी मी सासूबाईंना स्पष्ट विचारलं, "नाव परत घेता येतं का?"

त्या मेथी निवडत होत्या. "दिल्यालं कसं घेनार?" त्या म्हणाल्या. "त्यानं काय वाईट केलंय आपलं? ऐकतो, झोपतो, खायाला मागत न्हाई." मग जुडी खाली ठेवली. "पर लेकराला बिननावाचं ठिवू नको, धनश्री. दुसरं दे. आन् मशिनीतून दिऊ नको."

अंगद म्हणाला, "अगं, आधार कार्ड निघालंय समर्थच्या नावानं." फोटोसकट निघालं होतं, हे खरं. मी म्हटलं, "राहू दे. ज्याचं आहे त्याचं राहू दे." तो यावर हसणार होता. माझ्याकडे बघून त्याने विचार बदलला आणि तो दुकानात गेला. तो जाताना मी स्पीकर त्याच्या पिशवीत घातला, माझा फोनही घातला. घरात गाणारी एकही वस्तू मला नको होती.

दुपार झाली. सासूबाई मुद्दाम आरतीकडे जाऊन बसल्या. मी मधल्या खोलीचं स्वयंपाकघराकडचं दार ओढून घेतलं, बाळाला पाळण्याच्या वरून-खालून एकटीनेच फिरवलं आणि ते करताना दोनदा डोकं आपटून घेतलं. त्याला पाळण्यात ठेवलं. मग त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि त्याचं नाव सांगितलं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. अंगदला आणि सासूबाईंनाही मी ते घराबाहेर नेऊनच सांगितलं आहे. एका घरात एकाच नावावरून परत घोळ नको.

मग मला येतं तसं मी गायले. मला गाता येत नाही. शाळेच्या प्रार्थनेलाही मला मागे उभं करतात. सूर कुठेही गेला, शब्द जागच्या जागी रचले, त्यात मेथी आली, दुधाचा टेम्पो आला, आणि त्याचं नवं नाव दर ओळीला आलं. बाळ छताकडे बघत होतं. मी गायचं थांबवून त्याच्या मागच्या बाजूला गेले आणि तिथून, अगदी हळू, त्याला हाक मारली.

बाळ वळलं.

मान वळवली, मग खांदा, मग सगळंच्या सगळं पालथं झालं आणि माझ्याकडे बघून खिदळलं. मी त्याला उचललं आणि मोठमोठ्याने रडले. मी किती महिने श्वास धरून बसले होते, ते मला तेव्हा कळलं. मी त्याला दहा वेळा हाक मारली आणि तो दहाही वेळा वळला, अकराव्यांदा कंटाळला. त्या कंटाळ्यावर मी जीव ओवाळून टाकला असता.

तेव्हा दाराशी आवाज झाला. घर्र. स्वयंपाकघराच्या आतून नव्हे, दाराशी.

माझं डोकं तेवढ्यातही काम करत होतं. सासूबाई आल्या असतील. मांजर असेल. फरशी लेव्हलमध्ये आहे, हे अंगदने मोजून सांगितलं होतं, त्यामुळे तो मुद्दा निकालात निघाला होता. बाळाला कडेवर घेऊन मी दार उघडलं.

उंबऱ्यापलीकडे वरवंटा होता. ओट्याखालून उंबऱ्यापर्यंत, अंगदच्या नव्या फरशीवर, एक बारीक पांढरा ओरखडा उमटला होता. मध्ये एका जागी तो जरा वळून परत सरळ झाला होता, तिथे पाण्याचा हंडा असतो. आजूबाजूला कुणी नव्हतं. खिडकीतून ऊन आलं होतं, चुलत सासऱ्यांच्या मळ्यातली मोटर चालू होती. अशा लख्ख दुपारी घाबरायची सोयसुद्धा नसते.

मी काय करायला हवं होतं, मला माहीत आहे. बाळाला घेऊन आरतीकडे पळायला हवं होतं. पण तो तिथे उंबऱ्याशी थांबला होता. आत आला नव्हता. आत आम्ही हसत होतो, एकमेकांना हाका मारत होतो, आणि ते सगळं त्याने बंद दाराआडून ऐकलं असणार.

"समर्थ," मी म्हटलं.

तो वळला.

किंचितच, चार बोटं. ज्या बाजूने माझा आवाज आला त्या बाजूला. सपाट फरशीवर, कुणी हात न लावता. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला आणि मी उंबऱ्यातच खाली बसले. भीती अजिबात कमी झाली नव्हती. तरी माझा हात आपणहून पुढे गेला. दगड कोमट होता. मी थोपटायला लागले.

बाळ माझ्या मांडीवर होतं. त्याने वाकून एकदा खाली पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग जागा करून देत जरासं बाजूला सरकलं.